सर्व्हरची खंडेनवमी

आमच्या धंद्यात किस्से आपोआप साठतात. सगळं नीट चालू असलं की आम्हाला कुणी विचारत नाही आणि बिघडलं की अख्खं गाव विचारतं! अमरावतीत आमचं चौघांचं ऑफिस आहे. एका मोठ्या मशीनच्या पोटात आम्ही तीस व्हर्च्युअल मशीन चालवतो आणि कॉलेजांना, कोचिंग क्लासवाल्यांना भाड्याने देतो. गिऱ्हाईक त्याला क्लाउड म्हणतं.

* * *

अकोल्याच्या एका कॉलेजचे अध्यक्ष आपलं मशीन बघायला स्वतः आले. आमच्या वानखडे साहेबांनी कपाटाएवढा डबा दाखवला. "यातच तुमचं एक, बाकी एकोणतीस दुसऱ्यांची."

अध्यक्ष विचारात पडले. मग म्हणाले, "बाकीचे भाडेकरू कोन हायेत? बरे लोक हायेत ना?"

आम्ही हसलो. पण एका घरात शिरलेला चोर भिंत फोडून शेजारच्या घरात जाईल का, हीच तर आमची सगळ्यात मोठी काळजी. ती बोलून दाखवणारं हे एकच गिऱ्हाईक.

* * *

नवं मशीन हवं असलं की आमचा प्रमोद एका तयार मशीनची कॉपी मारायचा. सुरक्षेच्या तपासणीला आलेल्या मॅडमनी एका मशीनचा पासवर्ड ओळखला आणि तोच बाकीच्यांवर टाकून पाहिला. तीसच्या तीस उघडली.

साहेबांनी विचारलं, "काहून रे?"

"साहेब, कॉपी म्हनजे कॉपी."

* * *

मग आम्ही तीस वेगवेगळे, हातभर लांब पासवर्ड ठेवले. पुढच्याच आठवड्यात कुणा भामट्याचा फोन आला. सर्व्हर धोक्यात आहे, लगेच पासवर्ड सांगा, म्हणाला. साहेब शांतपणे म्हणाले, "भाऊ, आमालेच आठवून नाही राहिला. तुमाले सापडला तं आमाले बी सांगा."

* * *

नांदगाव खंडेश्वरची वैशाली तुरीच्या रोगावर पीएच.डी. करते. तिच्या चार वर्षांच्या नोंदी आमच्याकडच्या एका मशीनवर आहेत. दर सोमवारी तिचा फोन येतो, "दादा, माह्या नोंदी हायेत ना?"

एकदा प्रमोद गमतीत "नाही" म्हणाला. तासाभरात ती स्कूटीवरून ऑफिसात हजर झाली. हेल्मेटही काढलं नव्हतं आणि आत रडत होती. आम्हा सगळ्यांना फार लाज वाटली. तेव्हापासून तिच्या फोनवर कुणी चेष्टा करत नाही.

* * *

खंडेनवमीला साहेब दरवर्षी मशीन तासभर बंद करून पूजा करतात. यंदा पुण्याहून नव्याने आलेल्या कल्पनाने हरकत घेतली, "सर, क्लाउड असा बंद करत नाहीत."

"औजाराले बी आराम पायजे," साहेब म्हणाले आणि मशीन बंद केलं. हळद-कुंकू झालं, झेंडूची माळ झाली, पेढे वाटून झाले.

मग एकेक मशीन चालू करू लागलो तर पहिल्याच्याच सगळ्या फायलींना कुलूप आणि स्क्रीनवर खंडणीची चिठ्ठी! एका क्लासच्या सरांनी सकाळी कसलीशी मेल उघडली होती. आमचं एक अपडेट करायचं राहिलं होतं, तिथून व्हायरस एकामागून एक मशीन गिळत निघाला होता. आम्ही डबा बंद केला तोवर सात गेली होती. बॅकअप आम्ही शहाण्यांनी त्याच डब्यात ठेवलेला, तोही गेला. आठवं मशीन वैशालीचं.

प्रमोदने नेटवर्कची वायर उपटली आणि तिचं मशीन एकटंच चालू केलं. फोल्डर उघडलं. चारही वर्षांच्या नोंदी जागच्या जागी होत्या. कल्पनाने डब्याला हात जोडले, मला तर रडूच आलं. पुढची बावीसही शाबूत निघाली. गेलेल्या सात जणांच्या फायली त्यांच्याकडेही होत्या, त्या दोन दिवसांत पुन्हा चढवल्या.

नंतर सायबर पोलिसांकडून चौकशीचा फॉर्म आला. तो साहेबांनी स्वतः भरला.

'हल्ला कोणत्या उपायाने थांबला?' त्यापुढे त्यांनी लिहिलं, 'खंडेनवमीची पूजा.'

'हा उपाय किती दिवसांनी केला जातो?'

'वर्षातून एकदा.'