हरणाबाईंच्या घरची दूध न खाणारी लेक

भूमपासून सहा-सात किलोमीटरवर आमचं गाव. गावात खव्याच्या भट्ट्या बऱ्याच, पण हरणाबाईंच्या खव्याला तोड नाही. लग्न होऊन आल्या तेव्हापासून, म्हणजे तीस वर्षं, ही बाई कढईसमोर बसते आहे. डाव्या हाताने जाळ सारायचा, उजव्या हाताने लांब दांड्याचं उलथणं फिरवायचं. धुरानं डोळे लाल झालेले, उजवा खांदा डाव्यापेक्षा जरा खाली आलेला. दारात आठ म्हशी आणि एक गाय. नवरा बब्रुवान धारा काढतो, खवा पेठेत पोचवतो. या खव्यावरच दोघांनी एकुलती एक लेक, वर्षाराणी, शिकवली. ती आता उमरग्याला एका दवाखान्यात रक्त तपासायचं काम करते.

गेल्या दिवाळीत धनत्रयोदशीला वर्षाराणी एसटीनं आली. हरणाबाईंनी कढईतून उतरलेला गरम खवा वाटीत काढला, वर साखर भुरभुरली आणि पोरीपुढं ठेवला. पोरीनं वाटी हळूच परत सरकवली.

"आई, मी सोडलंय."

"काय सोडलंय?"

"दूध. दही, तूप, खवा, सगळं. मटण, अंडी तर सोडलीच. सहा महिने झाले. याला व्हीगन म्हणतात."

"विघ्न?" दारातून बब्रुवान म्हणाला. तो चेष्टा करत नव्हता, त्याला तसंच ऐकू आलं होतं.

हरणाबाईंना आधी हसू आलं, मग भीती वाटली. पोरगी आजारी आहे का? कुण्या बुवाच्या नादी लागली का? कुणी पोरगा बघितलाय आणि त्याच्या घरी असं असतं का? त्यांनी एकेक विचारलं. पोरगी सगळ्याला नाही म्हणाली. "अगं, मी रोज दुसऱ्याचं रक्त तपासते. माझं तपासलं नसंल व्हय? समदं ठीक हाय. एक जीवनसत्त्वाची गोळी लागते तेवढी, ती घेते मी."

"पर कशापायी?" हरणाबाईंचा आवाज चढला. "खव्याच्या घरात जन्मलीस तू!"

वर्षाराणीनं गोठ्याकडं बघितलं. मग म्हणाली, "तुला ते रेडकू आठवतं का? मी आठवीत होते तवाचं."

हरणाबाईंना आठवेना. किती रेडकं आली नि गेली. म्हशीला वगार झाली तर जीव लावायचा, कारण ती पुढं दूध देणार. रेडा झाला तर त्याला थेंबभर पाजायचं, बाकीचं कढईत. तो महिना-दीड महिन्यात वाळून जायचा. मग त्याच्या कातड्यात पेंढा भरून म्हशीपुढं उभा करायचा, म्हणजे ती चाटत पान्हा सोडते. सगळेच असं करत. ह्यात सांगण्यासारखं काय होतं?

"शाळेतून आले की ते माझी बोटं चोखायचं," पोरगी सांगत होती. "तूच म्हणालीस, त्याला लांब बांध, म्हशीला लुचतंय. मी लांब बांधलं. चार दिवसांनी ते मेलं. आई, ती गाठ माझ्या हातानं मारलीय."

चौदा वर्षं हे पोरीच्या पोटात होतं आणि हरणाबाईंना पत्ता नव्हता. त्याच पोरीला त्या रोज सकाळी कढईची खरवड देत होत्या, आणि ती मुकाट खात होती.

पण धक्का बसला म्हणून माणूस लगेच बदलतो असं नाही. बब्रुवाननं लेकीशी बोलणं सोडलं. हरणाबाईंना वाटत राहिलं, पोरगी झिजणार. हाडं ठिसूळ होतील, उद्या बाळंतपणात काय होईल. करंज्या करायला बसल्या तेव्हा त्यांनी पोरीला सांगितलं, "तुझ्यासाठी येगळ्या करते, तीळ-खोबऱ्याच्या. निव्वळ तेलात." आणि पीठ गुपचूप दुधात भिजवलं.

वर्षाराणीनं चार खाल्ल्या. "लई खुसखुशीत झाल्यात गं," म्हणाली. हरणाबाईंना बरं वाटलं, पोरीच्या अंगाला काहीतरी लागलं.

भाऊबीजेला बब्रुवानची धाकटी बहीण शिवकन्या ओवाळायला आली. तिला हरणाबाईंनी स्वयंपाकघरात ही हुशारी सांगितली होती. जेवताना शिवकन्या हसत म्हणाली, "वर्षा, तुझ्या करंज्या दुधातल्याच हायत बरं! वैनीनं फसवलं तुला. काय झालं का? पचवल्यास की!"

हरणाबाईंना वाटलं, आता पोरगी आदळआपट करणार. ती ताटावरून उठलीसुद्धा नाही. फक्त आईकडं बघत म्हणाली, "आई, आजवर तुझ्या हातचं डोळे झाकून खाल्लं. आता इचारून खावं लागंल का?"

एवढंच. हरणाबाई सांगतात, "सासूनं मारलं होतं मला एकदा चुलीतल्या लाकडानं, तवाबी इतकं लागलं न्हवतं." त्या दुपारी त्यांनी भट्टी पेटवली नाही. गोठ्यात जाऊन बसल्या. बसल्या बसल्या आणखी एक गोष्ट ध्यानात आली आणि त्या दचकल्याच. या घरात दूध खाल्लं कुणी होतं? सगळं कढईत जायचं, पोरीला फार तर खरवड. त्या स्वतः जगल्या आणि पोरगी वाढली ती ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची आमटी, कारळाची चटणी आणि अंबाडीच्या भाजीवर. "पोरगी काय येगळं खाती? आपलंच खाती," त्या एकट्याच मोठ्यानं म्हणाल्या.

संध्याकाळी त्यांनी एक नवं पातेलं आणि परात काढली आणि बब्रुवानला बजावलं, "ह्या भांड्याला दुधाचा हात लावायचा न्हाय." वर्षाराणीला म्हणाल्या, "चुकलं माझं. हितनं म्होरं जे सांगीन ते खरं आसंल." पोरगी रडली. त्या नाही रडल्या. त्यांना ज्वारी दळायची होती.

दोन दिवसांनी येरमाळ्याहून पाहुणे मुलगी बघायला आले. मुलगा शिकलेला, शेती बागायती. हे स्थळ बब्रुवाननं फार खटपटीनं आणलेलं. चहा आला. मुलाच्या आत्यानं बघितलं, मुलीच्या कपात काळा चहा. चौकशी झाली. वर्षाराणीनं सरळ सांगितलं.

आत्या म्हणाली, "दूध पीत न्हाय? आन् बाप खवा इकतो! पोरीत काय खोट हाय का? का डोक्यावर परिणाम झालाय?"

बब्रुवाननं मान खाली घातली. "पोरकटपणा हाय, लग्नानंतर जाईल," असं काहीतरी तो पुटपुटत होता. तेवढ्यात हरणाबाई पुढं आल्या. पाहुण्यांपुढं आजवर त्यांनी तोंड उघडलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

"ताई, वसुबारसेला तुमी दूध-तूप खाता का?"

"न्हाय बाई, उपास आसतो की. वासराचं आसतं त्या दिवशी."

"मंग? आपण वर्सातनं एक दिस वासराचं वासराला ठिवतो. माझी लेक रोज ठिवती. ह्यात खोट कसली? आन् जायाचं काय न्हाय हे. तिच्या मनातनं आलंय. तुमाला चालत आसंल तर बोलणी करू, न्हाय तर चहा घ्या आन् सुखानं जावा."

बब्रुवान बायकोकडं असा बघत होता, जणू ही बाई त्यानं पहिल्यांदाच पाहिली. हरणाबाईंचा स्वतःचाही विश्वास बसेना. आपण हे बोललो? त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि घटाघटा पाणी प्यायल्या.

स्थळ गेलं. चार दिवस बब्रुवान बायकोशीही बोलला नाही. मग एकदा वर्षाराणीचा फोन आला तेव्हा त्यानं हरणाबाईंच्या हातातून तो घेतला आणि विचारलं, "त्या गोळ्या हायत का? का संपल्या?" "हायत, आण्णा," पोरगी तिकडून म्हणाली.

भट्टी बंद झालेली नाही. हरणाबाई दुधाचाच चहा पितात आणि ते लपवतही नाहीत. पण आता रेडा झाला तरी म्हशीच्या चार सडांतला एक सड त्याच्यासाठी सोडायचा, असं त्यांनी घरात ठरवून टाकलंय. बब्रुवान कुरकुरतो, दूध कमी पडतं हे खरंच आहे. या वर्षी दोन रेडे जगलेत. मोठे झाल्यावर त्यांचं काय करायचं, ते अजून दोघांनाही सुचलेलं नाही.

परवा मी खवा आणायला गेलो तर त्या उलथणं थांबवून म्हणाल्या, "गुरुजी, माणसाला वाटतं आपलं लेकरू आपल्याला ठावं हाय. एका ताटात जेवलो आमी. आन् कायबी ठावं न्हवतं मला." मग दूध तळाला लागेल म्हणून घाईनं पुन्हा हात फिरवायला लागल्या.