अण्णांची जपानी भुतं

आमच्या कानडी मुलखातल्या, राजाजीनगरच्या घरात जपानी भुतं आली ती अण्णांमुळे. अण्णा म्हणजे आमचे वडील. त्यांच्या कारखान्यात यंत्र बसवायला आलेल्या एका जपानी साहेबाने जाताना त्यांना पत्त्यांचा डबा दिला. प्रत्येक पत्त्यावर एक भूत. एका पायावर उड्या मारणारी छत्री, जीभ काढलेला कंदील, डोक्यावर पाण्याची वाटी घेतलेलं कासवासारखं कायतरी, आणि मान लांबवत थेट आढ्यापर्यंत नेलेली एक बाई. जपानी कुणाच्या बापाला वाचता येतंय! मग अण्णांनीच भुतांना नावं दिली, त्या मानवाल्या बाईचं लांबमानी, आणि खेळ बसवला. पत्ते जमिनीवर पसरायचे, एकाने भूत पुकारायचं, ज्याचा हात आधी पडेल त्याचा पत्ता. हातावर हात पडले तर सगळ्यात खालचा जिंकला. नव्वदनंतरची गोष्ट ही. शेजारीपाजारी केबल आलं होतं, आमच्याकडे भुतं.

या खेळात माझ्या अक्काला तोड नव्हती. एरवी इतकी मवाळ, पण पत्ते पसरले की तिच्या अंगात यायचं. माझ्या मनगटांवर तिच्या नखांचे ओरखडे कायमचे. हरले की मी डाव उधळून द्यायचे, आणि त्याचं मला अजूनही काही वाटत नाही.

तर एकदा एक मुलगा तिला बघायला आला. अण्णांनी हौसेने पत्ते काढले. अक्काने त्या बिचाऱ्याला एकही पत्ता मिळू दिला नाही आणि वर विचारलं, "दमलात?" त्या लोकांकडून पुन्हा निरोप म्हणून आला नाही. तेव्हापासून पाहुण्यांसमोर भुतं बंद, असा आईचा हुकूम होता.

पुढचं स्थळ धारवाडकडचं, मुलगा इथेच नोकरीला. हा मात्र अक्काला मनापासून हवा होता. फोटो आल्यापासून तिचं जेवणात लक्ष नव्हतं, आणि त्या दिवशी तर साड्या बदलून बदलून तिने मला वेड लावलं. "हे नाही जमलं तर मी पुन्हा कुणासमोर बसणार नाही," असं तिने मला बजावून सांगितलं होतं.

मुलगा आला, सोबत त्याचे आईवडील. त्याची आई चांगली खमकी दिसत होती. केसरीभात झाला, कापी झाली, धारवाडला थंडी कशी आहे तेही झालं. मग सगळे गप्प. शांतता अण्णांना सोसत नाही. "स्वल्प बसा, एक जपानी गंमत दाखवतो," म्हणत ते उठले आणि डबाच घेऊन आले. आईने त्यांच्याकडे असं बघितलं की त्यापेक्षा भुतं परवडली. कपबशा उचलायच्या निमित्ताने तिने अक्काला स्वयंपाकघरात नेलं. "मुकाट्याने हरायचं. जिंकलीस तर याद राख!"

डाव मांडला. अण्णा ओरडले, "कंदील!"

कंदील दोघांच्या बरोब्बर मधे. अक्काचा हात पदरात, मुलाचा हात गुडघ्यावर.

"तुम्ही घ्या."

"छे छे, तुम्ही घ्या की."

"छत्री!" पुन्हा तेच. तुम्ही घ्या, तुम्ही घ्या. त्यालाही घरून पढवून आणलेलं दिसत होतं. अरे, भुतं पकडताय की पंगतीत जिलबीचा आग्रह करताय? माझं डोकंच सणकलं. मी मधे घुसले आणि दोन्ही हातांनी पत्ते ओढत सुटले. त्या घाईत एक पत्ता सटकला तो थेट मुलाच्या आईच्या पायाला जाऊन लागला.

कागदाला पाय लागला म्हणजे सरस्वतीला लागला, हे जसं आमच्याकडे तसंच त्यांच्याकडे. बाईंनी झटकन पत्ता उचलला, डोळे मिटून कपाळाला लावला. डोळे उघडले तर समोर लांबमानी.

"अगं बाई! मी नमस्कार कुणाला केला?"

"भुताला," मी म्हटलं. आईने मला जोरात चिमटा काढला.

पण बाई अशा खदखदून हसल्या की त्यांना ठसका लागला. मग त्यांनी पत्ता पुन्हा मधे ठेवला, पदर खोचला आणि खाली बसकण मारली. "सरक रे," त्या मुलाला म्हणाल्या. "हे काय खेळणं झालं? पुकारा हो तुम्ही."

"लांबमानी!"

फाट! दोन हात एकदम पडले आणि बाईंची हिरवी बांगडी फुटली. काचा पार सोफ्याखाली गेल्या. गेलं, हेही स्थळ गेलं, असं मला वाटलं.

"हात काढ," आई अक्काला म्हणाली. "त्यांचा पत्ता आहे."

अक्काच्या डोळ्यांत पाणी होतं, पण हात हलेना. "नाही गं आई. माझा खाली आहे."

बाईंनी वाकून नीट बघितलं. मग आपला हात उचलला. "हिचाच आहे."

काचेचे तुकडे गोळा करत त्या म्हणाल्या, "लग्न होऊन आले तेव्हापासून यांच्याशी पत्ते खेळते मी. आता लेकाशीही. मला राग येऊ नये म्हणून दोघंही मुद्दाम हरतात. त्यांना वाटतं, मला कळत नाही." मुलाचे वडील छताकडे बघायला लागले. बाईंनी अक्काकडे मान वळवली. "तू हरशील का मुद्दाम?"

अक्काने पदराने नाक पुसलं. "नाही."

"मग ये बाई लवकर आमच्या घरी," असं म्हणून त्यांनी उरलेल्या बांगड्या कोपराकडे सारल्या आणि अण्णांना पुढचं भूत पुकारायला सांगितलं.