तेल आणि काच

प्रयोगशाळेतल्या मावशी रोज सकाळी धुतलेली प्रत्येक बाटली उजेडात धरून बघत.

तिथेच संशोधन करणाऱ्या माझ्या ताईचा प्रबंध अडला होता. निरोप पोचवून झालेलं रसायन मेंदूच्या पेशी परत आत ओढून घेतात. तेलात असणारं एक मेदाम्ल ही ओढ मंदावतं, हे तिला दाखवायचं होतं. पण तीन महिने काहीच घडेना.

"अगं, तेलाचा प्लॅस्टिकचा डबा घासताना हात मोडतात," मावशी म्हणाल्या. "तुझं आम्लही त्या प्लॅस्टिकच्या नळीलाच चिकटून बसत असणार. काचेत ठेव की!"

काचेत ठेवलं आणि ओढ मंदावली.

प्रबंधात पहिले आभार मावशींचेच. त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी ताई ते पान घेऊन धावत प्रयोगशाळेत शिरली. डोळे पुसत मावशी म्हणाल्या, "वाचते गं. आधी बाहेरची चप्पल काढ."