हातात आलेला घोटा

ऑस्ट्रेलियन फुटबॉल हा खेळ आहे, हे मला पहिल्या शुक्रवारी पटलंच नव्हतं. बिनबाह्यांचे बनियन घातलेले धिप्पाड पुरुष अंड्यासारख्या चेंडूमागे धावतात, एकमेकांच्या पाठीवर गुडघे रोवून उडी मारतात, आणि चेंडू ज्याच्या हातात त्याला जमिनीवर आपटतात. डोक्याला काही नाही, छातीला काही नाही. दुसऱ्या शुक्रवारी मात्र मी माझी घडीची खुर्ची घेऊन सगळ्यांच्या आधी गाडीत बसले होते. मला मारामारी बघायला आवडते. या वयात खोटं कशाला बोलू?

माझा मुलगा इथे आखातात, रुसैल या गावी, एका गोदामात फोर्कलिफ्टवर सुपरवायझर आहे. त्याचा मॅनेजर ऑस्ट्रेलियन, आणि तोच इथल्या टीमचा कॅप्टन. थंडीच्या महिन्यांत आखातातल्या चार-पाच टीम आळीपाळीने एकमेकांकडे जाऊन खेळतात. कॅप्टनला माणसं कमी पडत होती, त्याने माझ्या मुलाला ओढला. कॅप्टन मला मुलाकरवी सांगायचा, त्याच्या पणजोबांनी शंभर वर्षांपूर्वी तुटलेल्या बरगड्या कापडाने आवळून अख्खा सीझन काढला होता. हे सांगताना तोंडावर असं हसू, जणू घरात लग्न आहे.

मुलगा माझा अबोल. कामावरून यायचा, जेवायचा, मोबाइल बघत झोपायचा. या टीममध्ये गेल्यापासून घरात बोलायला लागला, सुनेला हसवायला लागला. म्हणून तर मला ती टीम प्रिय झाली.

आता माझी चूक. मी शाळेत असताना कोकणात कबड्डी खेळायचे, डाव्या कोपऱ्यावर. चढाईवाली पाय लांबवून वळली की खाली झेपावायचं, दोन्ही हातांनी घोटा धरायचा, अंगाखाली घ्यायचा आणि तिचा दम जाईपर्यंत सोडायचा नाही. मुलगा लहान असताना इथल्या सीबच्या किनाऱ्यावर वाळूत मी त्याला हीच पकड शिकवली. आणि या खेळात गुडघ्याच्या खाली हात लावायचाच नाही, असा नियम. खांद्यापासून गुडघ्यापर्यंत काय ते धरा. त्याला तो तोंडपाठ होता. पण शरीर शिकलेलं विसरत नाही.

दुबईची टीम आली होती. त्यांचा एक उंच, लाल केसांचा माणूस चेंडू घेऊन सुटला. माझा मुलगा मागून झेपावला आणि घोटा धरला, अगदी मी शिकवला तसा. मी खुर्चीतून उठून ओरडले, "सोडू नको रे, सोडू नको."

त्याने सोडला नाही. अंगाखाली घेऊन लोळला. माडाची ओली झावळी गुडघ्यावर मोडावी तसा आवाज माझ्यापर्यंत आला. खरं सांगते, पहिल्या क्षणी मला अभिमान वाटला. मग तो माणूस किंचाळला आणि त्याचं पाऊल भलतीकडे वळलेलं दिसलं.

त्यांचे सगळे धावून आले. माझ्या मुलाची भुवई फुटली, कोणीतरी त्याच्या पोटात बूट घातला, कॅप्टनने एकाचं बनियन धरून त्याच्या नाकावर ठोसा दिला. पंच शिट्टी फुंकत राहिला. सगळं संपल्यावर निकाल लागला. माझा मुलगा दोन सामने बाहेर. पुन्हा पायाला हात लागला, तर कायमचा बाहेर.

लाल केसांच्या माणसाला इथल्याच हॉस्पिटलात ठेवला, पायात सळई घातली. त्याची टीम बसने परत गेली, बायको ऑस्ट्रेलियात. परक्या गावात एकटा माणूस पडलाय म्हटल्यावर मला राहवेना. मऊ भात, तूप, वरण डब्यात भरलं आणि मुलाला घेऊन गेले. पहिल्या दिवशी त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी डबा उघडून वास घेतला आणि खाल्लं. माझं इंग्रजी भाजी मार्केटपुरतं, म्हणून मुलगा मध्ये बोलायचा.

"त्याला सांग, मीच ओरडले होते, सोडू नको म्हणून."

मुलाने सांगितलं. तो माणूस माझ्याकडे बघून म्हणाला, "मी उंचावर पाइप जोडतो. साठ-साठ फुटांवर. पाय गेले की मी गेलो. तुझ्या मुलाला सांग, वर धर. बरगड्या तोड. त्या आपोआप भरतात."

मुलाने हे मला मराठीत शब्दाला शब्द सांगितलं.

घरी आल्यावर मी हॉलमधला टीपॉय सरकवला, गादी टाकली. सुनेच्या ओढणीचा पट्टा माझ्या मांड्यांवर, गुडघ्यांच्या वर बांधला. म्हटलं, "धर मला. या पट्ट्याच्या खाली हात आला की लाटणं बसेल."

"आई, तू पडशील."

"मेल्या, पडायला गादी टाकलीय ना? धर."

रोज संध्याकाळी हे चाललं. तो खाली जायचा, मी मनगटावर लाटणं हाणायचे. सून नर्स आहे, ड्यूटीवरून आली की आधी त्याचे हात बघायची. "अहो आई, मनगटं काळीनिळी केलीत. उद्या फोर्कलिफ्ट तुम्ही चालवणार का?"

"चालवीन की. त्यात काय आहे?"

कपासाठीचा शेवटचा सामना पुन्हा दुबईशीच पडला, आमच्याच मैदानावर. ते माझ्या मुलासाठीच आले होते, हे मला पहिल्या पाच मिनिटांत कळलं. चेंडू कुठेही असो, कोपर याच्या तोंडावर. ओठ फाटला, पुढचा दात गेला, तो त्याने गवतात थुंकला. पण तो कमरेला मिठी मारून एकेकाला आडवा करत होता, आणि मी प्रत्येक वेळी खुर्चीचा दांडा आवळत होते.

शेवटची दोन मिनिटं. आम्ही तीन गुणांनी पुढे. त्यांचा एक जण चेंडू घेऊन सुटला, गोलसमोर मोकळा. पोचण्यासारखा फक्त माझा मुलगा. तो झेपावला, कंबर चुकली, आणि पडता पडता त्याच्या हातात घोटा आला. पूर्ण मुठीत. बोटं मिटलेली मी बघितली.

आणि त्याने मूठ उघडली.

त्या माणसाने गोल मारला. सहा गुण. आम्ही हरलो.

आमचाच एक खेळाडू माझ्या मुलाला छातीवर ढकलून शिव्या देत होता. कॅप्टनही मुलावरच ओरडला, "अरे, धरून ठेवायचा. तू बाहेर गेला असतास, त्यांना फ्री किक मिळाली असती, पण ती चुकली असती तर कप आपला होता." मग दोन्ही हात डोक्यावर ठेवून खाली बसला, थोड्या वेळाने उठला आणि म्हणाला, "पुढच्या वर्षी प्रॅक्टिसला लवकर ये."

मुलगा माझ्याकडे आला. रक्त हनुवटीवरून बनियनवर ओघळत होतं.

"आई, हातात होता."

"बघितलं मी."

मला बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. माझ्या आतली ती डाव्या कोपऱ्यावरची पोरगी चिडून बसली होती, हातात आलेला घोटा सोडतात का म्हणून. मी पदर ओला करून त्याचं तोंड पुसायला घेतलं. जरा जास्तच जोरात पुसलं असेन, कारण तो म्हणाला, "आई, हळू."