शुक्रवारची सुट्टी

नातवाच्या अंगाला पावडर लावताना तो वास आला, की मला मस्कतच्या अझैबा भागातली आईची ती खोली आठवते. आईचं अर्धं अंग लुळं पडलं होतं. तिथं राहणाऱ्या भावानं मला वसईची नोकरी सोडायला लावून तिच्यासाठी बोलावून घेतलं. "परक्या बाईला द्यायचा तो पगार तूच घे," म्हणाला. वर शुक्रवारची सुट्टीही दिली. पगाराचं कळलं आणि आई बदललीच. जन्मभर माझ्यावर खेकसणारी बाई, "जमलं तर जरा पाणी देशील का?" असं विचारू लागली. एका शुक्रवारी मी चर्चला गेले, पण मिस्सात लक्ष लागेना. मग समुद्रावर गेले, तिथंही बसवेना. तिला कुशीवर वळवलं असेल का, पाठीला पावडर लावली असेल का, एवढंच डोक्यात. शेवटी भर उन्हात टॅक्सी करून परतले. दारात वहिनी म्हणाली, "ताई, आज तुमची सुट्टी ना?" तेवढ्यात आतून आई कडाडली, "सकाळपासून कुठं उलथली होतीस गं? पाठ पेटलीय माझी!" मी चपलांसकट धावले. पावडर चोळता चोळता विचारलं, "आज बरी ओरडतेस?" "आज तुला पगार नाही," ती म्हणाली, "आज ओरडणारच." शनिवारी पुन्हा "जमलं तर" सुरू झालं. परवा कामावर निघताना सून मला म्हणाली, "आई, जमलं तर बाळाकडे बघाल का?" तेव्हापासून मला घरात बसवत नाही.