जामच्या खुंट्याला बांधलेला मामा

माझा भाचा चंदन पिपरी मेघेत फोटो स्टुडिओ चालवतो. आधारचे, शाळेचे, साखरपुड्याचे, सगळे फोटो काढतो आणि समोर बसलेल्या प्रत्येकाला सांगतो, "हनुवटी जराशी खाली." अख्ख्या पिपरीची हनुवटी त्यानं खाली केली. त्याची स्वतःची मात्र गाडी घेतल्यापासून मोबाइलमध्ये खालीच असते. गाडी विजेवर चालणारी आहे ना.

ती गाडी त्यानं आईसाठी घेतली. त्याची आई रुख्मिणी म्हणजे माझी धाकटी बहीण. डिझेलच्या वासानं तिला लहानपणापासून मळमळतं. माझ्या वरातीला मोटार केली होती, तर ही पोरगी हट्टानं मागून बैलगाडीत आली आणि अक्षता पडल्यावर पोचली. आता खुब्यात पट्टी बसवल्यापासून तिला एसटीची पायरी चढता येत नाही, जीप तर नाहीच. या गाडीत वास नाही, धक्का नाही, आणि पुढची सीट ठेंगणी. रुख्मिणी तीत देवीसारखी बसते.

पण गाडीला दावं आहे. गाय दाव्याच्या लांबीएवढंच चरते, तशी ही चार्जिंगच्या लांबीएवढीच फिरते. मोठ्या रस्त्यावर तासाभरात भरून देणारी यंत्रं आहेत. आडरस्त्याला लागलं की काही नाही. मग चंदन आधी कागदावर रस्ता मांडतो, पुढं कुठं भरता येईल, एसी लावला तर किती कमी पडेल, सगळं. एकदा आर्वीकडं त्याच्या साळ्याच्या घरी साध्या प्लगवर लावली होती. भरेपर्यंत आमची दोन जेवणं झाली, झोप झाली, आणि गाडीपायी कूलर बंद ठेवावा लागला म्हणून तो साळा अजून नीट बोलत नाही.

चंदनची बहीण अंकिता गिरडच्याही पुढं, चिमूरच्या बाजूला एका खेड्यात दिली आहे. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी तिला मुलगा झाला. त्याचं जावळ काढायचं होतं, आणि आमच्याकडं पोराला मामाच्या मांडीवर बसवूनच पहिली बट कापतात. पहिल्या वर्षी मामा, म्हणजे चंदन, तापानं पडला. आता तिसरं संपत आलं होतं. जावळ विषम वर्षातच काढतात, म्हणजे हेही हुकलं तर थेट पाचवं. पोराची वेणी घालायची वेळ आली होती. अंकिताचे सासरे सदाशिवराव यांनी मुहूर्त धरला, दुपारी बाराच्या आत, आणि चंदनला फोनवर सांगितलं, "तुमचं दावं पुरत असन तं या. नाई तं आमच्या गावात मामाची काय कमी हाय? बाजूच्या रोशनले बसवतो. त्याच्यापाशी डिझेलची गाडी हाय."

चंदन हसला नाही. हे मी पाहिलं.

त्याचा बेत साधा होता. मोठ्या रस्त्यावरच्या जाम गावी गाडी पूर्ण भरायची, कारण तिथून अंकिताच्या गावापर्यंत जाऊन परत जामला येईस्तोवर मध्ये काहीच नाही. आम्ही तिघं पहाटेच निघालो. निघताना रुख्मिणीनं ताट आणून गाडीला ओवाळलं, आणि काठी टेकत सगळीकडून फिरून, जिथं तिच्या मनाला आलं तिथं तिथं हळदकुंकू आणि अक्षता लावल्या.

जामला ढाब्याच्या बाजूच्या टिनाच्या शेडमध्ये यंत्र होतं. चंदननं त्याची जाड दांडी, तिथं सगळे तिला बंदूक म्हणतात, गाडीच्या बाजूच्या खाच्यात खुपसली. आम्ही आलूबोंडा खाल्ला. गाडी भरली. यंत्रावर अक्षरं आली की काम झालं. चंदननं बंदूक ओढली. निघेना.

परत ओढली. कुलूप लावून पुन्हा उघडलं. कंपनीच्या बाईला फोन केला. ती गोड आवाजात म्हणाली, "सर, डिकीत एक दोरी आहे, ती ओढा." दोरी ओढली, दोरी आली, बंदूक जागची हलली नाही. "सर, आमचा माणूस नागपूरहून दुपारनंतर येईल."

"दुपारनंतर मले काय कामाचा?" चंदन म्हणाला, पण तोवर तिनं फोन ठेवला होता.

मागं नागपूरच्या एका कुटुंबाची गाडी नंबर लावून उभी होती. तिचा मालक उतरला, बंदुकीकडं पाहिलं, चंदनकडं पाहिलं. "भाऊसाब, आप निकल रहे हो, या हम यहीं घर बांध लें?"

"मेरे बाजू में प्लाट लेलो," चंदन म्हणाला. त्या माणसानंही मग एक झटका मारून पाहिला आणि गुमान जाऊन चहा मागवला.

ऊन शेडच्या खाली शिरलं. टिन तापलं. मी चंदनला म्हटलं, "अरे, तू निघून जा. मी बसतो रुख्मिणीजवळ."

"मामाजी, गाडी बंदुकीले बांधली, अन् माय गाडीले. मी कसा सुटू?"

"जा रे," गाडीतून रुख्मिणी म्हणाली. "पोरगं त्या रोशनच्या मांडीवर बसन का?"

तेवढ्यात अंकिताच्या गावाच्या वाटेनं समुद्रपूरकडं जाणारी काळीपिवळी जीप थांबली. चंदन धावला. एक पाय आत टाकला. मग वळून पाहिलं. गाडीचं दार उघडं, आई पदरानं वारा घेते आहे, बाजूला मी, ज्याला स्वतःलाच उठायला आधार लागतो. ड्रायव्हर म्हणाला, "बसता का उतरता?" चंदननं पाय काढून घेतला. परत आला आणि बंदुकीला पाठ लावून खाली बसला. त्याची हनुवटी त्या दिवशी कोणी न सांगता खाली गेली होती.

थोड्या वेळानं रुख्मिणी मला हळूच म्हणाली, "दादा, ती दांडी नेमकी कुठं घुसली?"

"मागच्या दाराच्या मागं, झाकण आहे ना, तिथं."

"हं," ती म्हणाली, आणि पुढं तिनं तोंडच मिटलं. मला वाटलं, ऊन लागलं.

अंकिताचा फोन आला. चंदननं सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाला, "रोशनले बसवा. माह्या नशिबात नाई."

अंकिता म्हणाली, "भाऊ, तू तिथंच राहजो."

"मी कुठं जातो?" चंदन म्हणाला.

बारा वाजायला आले तशी एक धुळीनं माखलेली जीप शेडसमोर थांबली. आधी पोराला कडेवर घेऊन अंकिता उतरली. मग पाट घेतलेले सदाशिवराव, आणि शेवटी पेटी काखेत मारलेला त्यांच्या गावचा न्हावी डोमाजी. जीप रोशनची होती. तोच चालवत होता.

"माह्या बापजन्मात नाई पाहिलं," सदाशिवराव म्हणाले. "जावळ मामाच्या भेटीले निघालं." पण पाट त्यांनीच पुसला, आणि पोराच्या डोक्यावर ऊन येऊ नये म्हणून आपला दुपट्टा धरून उभेही राहिले.

चंदन गाडीला टेकून पाटावर बसला. पोरगं मांडीवर आलं, कात्री पाहिली आणि भोंगा काढला. मान काही केल्या वाकवेना. चंदन त्याच्या कानाशी म्हणाला, "हनुवटी जराशी खाली." काय झालं कोण जाणे, पोरानं हनुवटी खाली केली. मामानं पहिली बट कापली, अंकितानं ती ओंजळीत झेलली, आणि पुढचं डोमाजीनं पाहिलं. मागच्या गाडीतल्या नागपूरच्या बाईनं पोराच्या हातावर बिस्किटांचा पुडा ठेवला.

डोमाजी पेटी आवरायला लागला तेव्हा रुख्मिणी गाडीतून म्हणाली, "डोमाजी, नहरणी हाय का तुमच्यापाशी? त्या दांडीच्या वरच्या अंगाले एक भोक हाय. तिथं पाहा."

डोमाजीनं नखं काढायची ती बारीक नहरणी तिथं घातली, खरवडलं, आणि तळहातावर काहीतरी काढलं. बंदुकीच्या कुलपाच्या खिळीत अडकलेला, कुंकवानं लाल झालेला तांदळाचा दाणा. चंदननं बंदूक ओढली. गुमान निघाली.

"माय, झाकण उघडून तिथं काऊन लावल्या अक्षता?"

"गाडी तिथूनच जेवते ना? जेवणाऱ्याच्या तोंडाजवळ टिळा नाई लावायचा तं कुठं लावायचा?"

"अन् सांगितलं काऊन नाई?"

"मले वाटलं, देवाचा तांदूळ वाट नाई अडवत," रुख्मिणी म्हणाली. "मंग वाटलं, अडवली असन तं तू मले बोलशीन."

चंदननं बंदूक नागपूरवाल्याच्या हातात दिली, आणि आम्ही सगळे जीपच्या मागं मागं अंकिताच्या घरी जेवायला गेलो. तिथं रोशन माझ्या बाजूला बसला होता. पोरगा चांगला आहे, उगाच बदनाम झाला.

पण दावं ते दावंच. संध्याकाळी परत येताना पुन्हा जामच आलं. चंदन उतरला, झाकण उघडलं, आत वाकून पाहिलं, बोट फिरवलं.

"या वख्ती नाई लावलं," रुख्मिणी म्हणाली.

"मी इचारलं का?"

"बोट तं फिरवून राह्यला."

त्यानं बंदूक लावली. मी चहा आणला. गाडी भरेपर्यंत तो चहाही त्यानं उभ्यानंच घेतला, एक हात बंदुकीवर ठेवून.