कुलूपताईचा फोन

तपासणी केंद्रातले सगळे तिला कुलूपताई म्हणत. रुग्णांचे अहवाल मेलने पाठवायचं काम तिच्याकडे होतं. फाईलला ती पासवर्ड लावायची, फाईल मेलने पाठवायची आणि पासवर्ड फोन करून तोंडी सांगायची. दोन्ही एकाच मेलमध्ये कधीच नाही. "दाराला कुलूप लावून किल्ली कडीलाच टांगायची, तर कुलूप हवं कशाला?" हे तिने मोठ्या डॉक्टरांनाही सुनावलं होतं. त्यापुढच्या किचकट सुरक्षा-यंत्रणा तिला कळत नव्हत्या आणि त्यावाचून तिचं काही अडतही नव्हतं.

फाईल उघडेपर्यंत ती फोनवर थांबे. आत काय आहे असं कुणी विचारलंच, तर "डॉक्टरांना विचारा," एवढंच म्हणे. पाठवण्याआधी अहवाल तिला वाचावे लागत, पण अहवाल कितीही वाईट असला तरी तिचा घास अडत नसे. या गोष्टीची तिला अधूनमधून लाज वाटे.

त्या दुपारी तिच्या धाकट्या भावाचा अहवाल आला. मानेवरची गाठ वाईटच निघाली होती. तिने नाव-वय ताडून पाहिलं, पासवर्ड लावला, मेल पाठवला. हात सवयीने चालत राहिले. रडू येईल म्हणून ती जरा थांबली, पण आलं नाही. मग तिने फोन लावला.

"बोला कुलूपताई," भाऊ म्हणाला. चिडवायची संधी तो सोडत नसे. "मेल आलाय. सांग पासवर्ड."

पासवर्ड तोंडाशी आला आणि तिथेच अडला. घरात तो या वेळी एकटाच असणार होता.

"आत्ता नको उघडूस," ती म्हणाली. "मी घरी येऊन सांगते."

"घरी येऊन?" त्याने विचारलं. "असं कुणाच्या घरी जाऊन सांगितलंयस का गं आजवर?"

"नाही."

हे बोलून गेल्यावर कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला. फाईल बंदच होती आणि आतलं सगळं तिने सांगून टाकलं होतं. तिला नुसतं बधिर वाटत होतं.

"मग राहू दे तो पासवर्ड," भाऊ हळू म्हणाला. "ये तू. दार नुसतं लोटून ठेवतो."